बेचाळीस नंबर

क्सावेरी, ते पिवळं आधी तोलून घे.
बेन्झिल. त्याला वास नाही.
वास त्या दुसऱ्या बाटलीला आहे, कडू बदामाचा.
एकतीस वर्षं झाली,
कुणाच्या लग्नात बदामाचा केक आला
की मी ताटली सरकवते शेजारणीकडे.

अमोनियम ॲसिटेटला पुन्हा पाणी सुटलंय.
झाकण कुणी उघडं ठेवलं ते विचारत नाही.
ग्लिविचेची हवा, त्यात नोव्हेंबर,
क्षारसुद्धा इथं रडवेले होतात.

आता ॲसिटिक ॲसिड. पाणी चालू कर. उकळू दे चार तास.
बघ, वाफ वर चढते, गार पडते, थेंब होऊन खाली येते.
माझ्या बापाची पाळी याच्या नेमकी उलटी:
खाली जायचा, तापायचा,
वर येऊन गार पडायचा.

अलोइझी नाव. बितोमची खाण.
रबरी बुटात आठ तास, घोट्याएवढं कोमट पाणी,
बोटांच्या बेचक्यात कातडी
दुधात भिजलेल्या पावासारखी.
आई मोजे उकळायची, त्याला वेगळं पातेलं होतं,
दांड्याला लाल दोरा बांधलेलं,
म्हणजे चुकून त्यात बटाटे पडायला नकोत.
दवाखान्यातलं जांभळं औषध लावून
रविवारी चर्चमध्ये बसायचा,
बुटांच्या आत बिशपच्या रंगाचे पाय.
म्हणायचा, "कोळसा धुतला की जातो, ही बया जात नाही."
डॉक्टरने लिहिलं: कामास योग्य.

तू बाण काढून दाखवतोस, इलेक्ट्रॉन इथून तिथं.
काढ. मला ते असं दिसतं:
पाच जणांचं रिंगण, त्यात दोन नायट्रोजन.
एक हातचं राखून असतो,
दुसऱ्याचा हात सढळ.
तो सढळ हात बुरशीच्या पोटातलं लोखंड धरतो
आणि सोडत नाही.
मग तिला आपली भिंत लिंपता येत नाही,
ती गळते, गळून मरते.
भोवतीचे फिनाइल म्हणजे जाड कोट,
त्यांची बटणं बदलत बसलो आपण दोन वर्षं:
इथं क्लोरीन, तिथं फ्लोरीन, एकदा मिथॉक्सी,
एक्केचाळीस कोट.

सत्तावीस नंबरभोवती
अकरा मिलिमीटर मोकळं वर्तुळ पडलं तेव्हा
तू आईला फोन केलास. मी ऐकलं.
पुढच्या महिन्यात पॉझ्नानहून पत्र:
यकृतातही लोखंड असतं.
सढळ हाताला
आपलं घर, परकं घर कळत नाही.

तेव्हापासून तू बाटल्या जरा जोरात ठेवतोस.

दिवा घालव. खिडकीचा पडदाही.
हा एक नंबर, साधा, बिनबटणांचा,
याने आयुष्यात एकही बुरशी मारली नाही,
तू फेकायला काढला होतास, मी कपाटामागे ठेवला.
अल्कोहोलमध्ये चिमूटभर, कॉस्टिक पोटॅश,
आता ब्लीचचे दोन थेंब.
हलव.

पिवळट, हिरवट काहीतरी.
चूल विझताना असते त्याहून थंड.
तुझी नखं दिसली,
तुझी दोन दिवसांची दाढी दिसली,
खाली गेल्यावर एकमेकांचे चेहरे
एवढेच दिसत असतील त्यांना.
बोलू नकोस, संपेल.

संपलं.

नाही, याचा उपयोग काही नाही.
अहवालात लिहायचं नाही.

दिवा लाव. चार तास झाले बघ.
बर्फावर ओत, सावकाश, काठावरून.
पांढरं पडतंय तोवर थांब, घाई केलीस तर
डांबरासारखं चिकटेल काचेला.
बेचाळीस नंबर. लेबलवर तारीख घाल.
तो कुणाचं यकृत धरेल, कुणाचं सोडेल,
आपल्याला मार्चमध्ये कळेल.

आणि ते बूट काढ आधी.
सकाळी डबक्यात पाय घातलास ते पाहिलंय मी,
तेव्हापासून ओल्या मोज्यांत उभा आहेस.
हीटरजवळ खुर्ची आहे.
बोटांमध्ये नीट पूस.